दिवे नसलेल्या वेगवान रस्त्यावर चालकाला वेळीच दिसावे म्हणून काय करावे?

प्रश्न

रात्री ज्या रस्त्याने मी घरी परतते, त्याच्या मोठ्या पट्ट्यात दिवे नाहीत, पदपथ नाही आणि वाहने ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावतात. मी कधी सायकलवर असते, कधी पायी. चटक पिवळ्या फ्लुरोसंट रंगाचे जाकीट घालूनही गाड्या अगदी जवळ आल्यावरच एकदम बाजूला वळतात. जाकीट अपुरे पडते का? शिवाय, पायी चालताना वाहनांकडे तोंड असावे की पाठ?

पहिले उत्तर

जाकीट दिवसासाठी चांगले आहे, रात्रीसाठी नाही. फ्लुरोसंट रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो, म्हणून तो दिवसा आणि विशेषतः सांजवेळी उठून दिसतो. हेडलाइटच्या प्रकाशात हे किरण जवळपास नसतातच. रात्री परावर्तक पट्टी लागते, कारण ती प्रकाश जिथून आला तिथेच, म्हणजे चालकाच्या दिशेने, परत पाठवते.

पट्टी कुठे बांधावी, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंधारात माणसाच्या केवळ सांध्यांवरचे प्रकाशाचे ठिपके दिसत होते. ते स्थिर असताना काही बोध होत नसे, पण माणूस चालू लागताच पाहणारे त्याला क्षणात ओळखत. छातीवरची पट्टी चालकाला एखादा खांब किंवा फलक वाटू शकते. घोटे आणि गुडघे यांवरच्या पट्ट्या हलतात, आणि हा माणूस आहे हे त्याला कळते. सायकलच्या पेडलवरचे रिफ्लेक्टर म्हणूनच काढून टाकू नयेत.

दुसरे उत्तर

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला दीड सेकंद लागला तर ३३ मीटर तिथेच संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३५ मीटर लागतात. डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतील माणूस बहुधा इतक्या लांबून दिसत नाही. आपल्याला मात्र हेडलाइट दुरूनच दिसतात आणि त्यामुळे चालकानेही आपल्याला पाहिले असेल, असा घातक समज होतो.

पायी असाल तर वाहनांना सामोरे चाला. १९६८ चा रस्ते वाहतुकीचा व्हिएन्ना करारही तेच सांगतो. सायकल हातात धरून चालत असाल, तर मात्र त्याच करारानुसार वाहतुकीच्याच बाजूने चालावे. वळणाच्या आतल्या अंगाला समोरचे दिसत नसेल, तर वळण येण्याच्या बऱ्याच आधी, रस्ता दोन्हीकडे स्पष्ट दिसतो तिथेच बाजू बदला. दोन वाहने समोरासमोर आल्यावर चालकाचे डोळे दिपतात, तेव्हा साइडपट्टीवर उतरून थांबणेच योग्य.

तिसरे उत्तर

वरील सल्ले पाळावेतच, पण सारा भार चालणाऱ्यावर टाकणे मला पटत नाही. आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढे अंतर दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवणे, हे चालकाचे कर्तव्य आहे. वरचाच हिशेब ताशी ६० किलोमीटरसाठी केला तर थांबण्याचे अंतर ६८ वरून सुमारे ४५ मीटरवर येते. एवढ्या फरकाने माणसाचा जीव वाचू शकतो. म्हणून वेगमर्यादा कमी करावी आणि साइडपट्टी चालण्याजोगी रुंद व सपाट करावी, असा लेखी अर्ज रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेकडे सर्व रहिवाशांनी मिळून द्यावा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. घोट्यांच्या पट्ट्या आजच घेते. अर्जाबद्दल शेजाऱ्यांशीही बोलेन. सायकलचा मागचा दिवा लुकलुकता ठेवावा की स्थिर?

पहिले उत्तर देणारे

शक्य असल्यास दोन्ही लावा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण केवळ त्यावरून अंतराचा अंदाज बांधणे कठीण जाते, म्हणून एक दिवा स्थिर हवाच. पाठीवरची पिशवी किंवा लांब रेनकोट दिव्यावर येत नाही ना, हे कुणाला तरी मागे उभे करून अंधारात एकदा तपासून घ्या.