१४ वर्षांनी पुन्हा हॉकी: दहा आठवड्यांत अंग तयार होईल का? (ग्वाल्हेर)

लष्करचा_राइट_हाफ
दिवाळीनंतर कॉलेजच्या जुन्या मंडळींचे रविवारी सकाळी टर्फवर सामने ठरलेत. ११-११ जण, १५ मिनिटांचे चार क्वार्टर. माझं वय ४२, वजन ८४ किलो, काम दिवसभर खुर्चीतलं. बीपीची गोळी चालू आहे. रोज अर्धा तास चालतो, त्यापलीकडे काही नाही. गुडघे ठीक आहेत, कंबर मात्र मधूनमधून धरते. हातात दहा आठवडे आहेत. सुरुवात कुठून करू? आणि जुनी लाकडी स्टिक चालेल का?

पोटरी_आणि_घोटा (फिजिओथेरपिस्ट)
दादा, आधी डॉक्टरांकडे जा. चाळिशीनंतर बीपी असताना एकदम स्प्रिंट मारण्याआधी ईसीजी करून घ्या आणि गोळी कोणती ते नीट विचारा. एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर नाडी फारशी वाढू देत नाही, त्यामुळे घड्याळातले नाडीचे आकडे तुम्हाला लागू नाहीत. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच बघा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उकाड्यात पाणी आणि मीठ दोन्ही लवकर कमी होतं, तेही डॉक्टरांना सांगून ठेवा. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही आलं तर तिथेच थांबायचं आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं.

आता मुख्य गोष्ट. दम तीन-चार आठवड्यांत परत येतो. टाचेमागची घोडशीर आणि जांघेतले स्नायू तयार व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ‘आता जमतंय’ असं वाटू लागतं तेव्हाच पोटरी फाटते. पहिल्या दिवसापासून, धावण्याच्याही आधी, हे सुरू करा:

पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, आधी दोन्ही पायांवर १२ चे तीन सेट. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू कामाला लागतो. दहाव्या आठवड्यापर्यंत एका पायावर सलग २० जमले पाहिजेत.

हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीमागच्या स्नायूंसाठी) नॉर्डिक: गुडघ्यांवर बसायचं, कोणीतरी घोटे दाबून धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून अंग जेवढं सावकाश पुढे नेता येईल तेवढं न्यायचं, शेवटी हातांवर टेकायचं. आठवड्यातून दोनदा, पहिल्यांदा फक्त तीनचे दोन सेट. दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच धरतील, ते साहजिक आहे. जांघेसाठी कुशीवर झोपून वरचा गुडघा खुर्चीवर ठेवायचा आणि कंबर उचलून १५ सेकंद धरायची.

तेवीस_मीटर (क्लबचे प्रशिक्षक)
ताईंनी सांगितलं ते आधी. धावण्याचं मी सांगतो.

पहिले तीन आठवडे एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, २५ मिनिटं, एक दिवसाआड. चौथ्यापासून मैदानाच्या रेषा वापरा. मागच्या रेषेपासून २३ मीटरच्या रेषेपर्यंत पूर्ण वेगाच्या ७० टक्क्यांनी जायचं, तिथे तीन-चार छोटी पावलं टाकत, गुडघे वाकवून थांबायचं, आणि परत. सहा वेळा, मध्ये ४० सेकंद विश्रांती. सातव्या आठवड्याआधी पूर्ण वेग नाही. या सरावातला थांबण्याचा भाग फार महत्त्वाचा आहे. दुखापत वेग घेताना होते तशीच ब्रेक लावताना होते, आणि हॉकीत दर काही सेकंदांनी ब्रेक लागतो.

टर्फवरचा खेळ आता फार वेगवान आहे. फ्री हिट घेणारा स्वतःच चेंडू पुढे नेऊ शकतो, आधी दुसऱ्याला पास द्यावा लागत नाही. शिट्टी वाजल्यावर पूर्वी जो श्वास घ्यायला मिळायचा तो गेला. प्रतिस्पर्ध्याने पाच मीटर मागे हटायचं, म्हणजे तुमच्यासारख्या राइट हाफला (उजव्या बाजूच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला) तिथेही पळावंच लागतं. आक्रमणाच्या २३ मीटरमध्ये फ्री हिट थेट डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) मारता येत नाही, चेंडू आधी पाच मीटर फिरावा लागतो, हेही लक्षात असू द्या. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, तेव्हा पहिले तीन-चार सामने पाच-सहा मिनिटं खेळून बाहेर या. दम संपेपर्यंत आत राहू नका, कारण थकलेला माणूस सरळ पायांनी टॅकल करतो आणि तिथेच कंबर जाते.

ग्वाल्हेरच्या कंपू भागात महिला हॉकी अकादमीच्या मुलींचा सराव बघायला मिळाला तर जरूर बघा. चेंडू घेण्याआधी त्या कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून खाली बसतात. तेवढं एक जरी उचललंत तरी निम्मं काम झालं.

गोलकीपर_ग्वाल्हेरी
लाकडी स्टिक भिंतीवर लावा. टर्फवर कंपोझिट (कार्बन आणि फायबरची) घ्या, पण ९० टक्के कार्बनवाली नको. ती कडक असते, चेंडू थांबवताना उसळतो आणि हादरा थेट कोपरापर्यंत जातो. ३० ते ५० टक्क्यांची पुरे. लांबी ३६.५ किंवा ३७.५ इंच, उंचीप्रमाणे. आखूड स्टिक घेतलीत तर वाकावं जास्त लागेल, आणि तुमच्या कंबरेला तेच नकोय.

बूट छोट्या रबरी उंचवट्यांच्या तळाचे, टर्फचे. रोजचे धावण्याचे बूट टाचेला उंच आणि मऊ असतात, बाजूला वळताना घोटा मुरगळतो. फुटबॉलचे लांब स्टडही नकोत, पाय टर्फमध्ये अडकतो आणि गुडघा फिरतो. शिनगार्ड, माउथगार्ड आणि डाव्या हाताचा ग्लोव्ह घ्याच. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा कडक आहे, दाताला लागला की दात राहत नाही.

लष्करचा_राइट_हाफ
सगळ्यांचे आभार. स्टिकवर्क कधी सुरू करू? आणि भादव्याच्या उकाड्यात पाणी किती प्यायचं?

पोटरी_आणि_घोटा
स्टिक दुसऱ्या आठवड्यापासून, पण फक्त दहा मिनिटं आणि नुसतं ड्रिबल (चेंडू स्टिकने खेळवत नेणं) व पुश (स्टिक न उगारता चेंडू ढकलणं). जोरात हिट सहाव्या आठवड्यानंतर. पहिल्याच दिवशी तासभर वाकून ड्रिबल केलं की दुसऱ्या दिवशी मोजे घालणं जड जातं. कंबरेसाठी १० किलोची कणकेची पिशवी छातीशी धरून, पाठ सरळ ठेवत नितंब मागे नेऊन वाकायचं, दहाचे तीन सेट. कळ कंबरेतच राहिली तर दोन दिवस सराव कमी करा. पायात उतरली किंवा मुंग्या आल्या तर सराव बंद आणि तपासणी.

पाण्याचा हिशोब: सरावाआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. जेवढे किलो कमी झाले तेवढे लिटर गेले. ते दोन-तीन तासांत थोडं थोडं करत भरून काढा. बीपी असल्यामुळे ओआरएस रोज घ्यायचं की नाही ते डॉक्टरांच्या त्याच भेटीत विचारून घ्या.