दुधाच्या खाड्यांच्या कॅलेंडरवरचं आमचं वर्ष. तुमचंही लिहा.

बोरीकाठची_लेक

रविवारी कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसणार म्हणून गावी आले आहे (पारोळा तालुका). घर झाडायला काढलं, पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली, तर तळाशी अंथरलेलं १९९६ चं कालनिर्णय निघालं. एक कोपरा वाळवीने खाल्लाय, बाकी बारा महिने शाबूत. काल दुपारपासून काम सोडून तेच घेऊन बसले आहे.

आईचं शिक्षण चौथीपर्यंत. पण आमच्या घराचं अख्खं वर्ष तिने त्या चौकटींत लिहून ठेवलंय. "ख" म्हणजे दुधाचा खाडा. "सहामाही", "बाबांचा दवाखाना", "दळण". १३ मार्चच्या चौकटीत दादाने शाईच्या पेनाने मोठ्ठं "मॅच" लिहिलंय आणि त्याच्याखाली आईने "दहावी" लिहून दोन रेघा ओढल्यात. एप्रिलमध्ये अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) "माहेर" आणि पुढे चार दिवस रिकामे. ती नसताना लिहिणार कोण! जूनमध्ये "दादा धुळे", तो अकरावीला गेला तो दिवस. नोव्हेंबरचं पान तर कापसानेच भरलंय. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे वेचायला जायचो, रोज संध्याकाळी कोणी किती किलो वेचला ते लिहिलंय. माझ्या नावापुढे ११, १४, ९. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या, रात्री आई खोबरेल लावायची, ते वाचताना बोटांना आठवलं. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीच्या केंद्रावर गाडी लावून बाबा दोन रात्री तिथेच झोपले होते. आणि मग एका चौकटीत नुसतं "चुकारा", म्हणजे कापसाचे पैसे आले. त्याच आठवड्यात माझ्या फीचा आकडा.

एक गोष्ट मात्र कळत नाही. जूनच्या शेवटापासून काही तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलचा छोटा गोल आहे. महिन्यात बहुतेक दोन, कधी तीन. दिवाळीच्या सुट्टीत एकही नाही, नंतर पुन्हा सुरू. आई दोन दिवस मावशीकडे गेली आहे आणि तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, आली की विचारेन.

तोवर तुम्ही लिहा. सण, खेळ, परीक्षा, शेत, काहीही चालेल. तुमच्या घरातलं एक वर्ष.

केळीबाग

"खाडा" वाचलं आणि आमचा दूधवाला दारात उभा राहिला.

आम्ही रावेरकडचे. आमचं वर्ष जूनच्या पहिल्या पावसाआधीच्या वादळावर ठरायचं. मी सातवीत जाणार होतो त्या वर्षी कापणीला आलेली केळीची बाग अर्ध्या तासात आडवी झाली. सकाळी वडील बांधावर उभे होते आणि काहीच बोलत नव्हते. घड खाली चिखलात, खोडं मधून मोडलेली, त्यातून पाणी ठिबकत होतं. शाळा आठ दिवसांवर. आईने मोठ्या भावाचा गणवेश उसवून मला बेतला, खिसा नव्याने लावला, कारण जुन्या खिशाला शाईचा डाग होता. तो शर्ट मी दोन वर्षं घातला. आज माझ्या मुलाला तीन गणवेश आहेत आणि मला प्रत्येक वेळी तो खिसा आठवतो.

त्याच वर्षी वडिलांनी पुन्हा लावण केली. केळीला वर्षभराहून जास्त थांबावं लागतं. तेवढं थांबणं मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

पांझरा

कानबाईचं बरं काढलंत ताई. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार म्हणजे आमच्या घरी दिवाळीहून मोठा. सगळे भाऊबंद एका घरात. सुरत, नाशिक, पुणे, जो जिथे असेल तिथून येणार. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या माणसांप्रमाणे गहू मोजून घ्यायचे, त्यात एकाचाही हिस्सा चुकायचा नाही. माझा चुलतभाऊ सैन्यात होता, सीमेवर. त्याच्या वाटचे गहू आजी स्वतःच्या हाताने घालायची आणि नाव मोठ्याने घ्यायची.

रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. आणि सोमवारी आमची घटक चाचणी असायची! वर्गात निम्म्याहून जास्त बाकं रिकामी. सर स्वतः आमच्यातलेच, ते तरी कुठून येणार. मंगळवारी पेपर झाला, सगळ्यांच्या डोळ्यांत झोप आणि डब्यात रोट. ते बाहेरच्याला द्यायचे नसतात, म्हणून मधल्या सुट्टीत आम्ही भाऊभाऊ एका झाडाखाली वेगळे बसायचो.

सातपुडा_पायथा

@पांझरा भाऊ, आमच्याकडे चौरंगाला केळीचे खांब लागतात, केळीबाग भाऊंच्या इकडून येत असतील 🙂

केळीबाग

येतात ना. श्रावणात खांब मागायला आलेल्याकडून आमचे वडील पैसे घेत नसत.

जिभाऊ_अमळनेर

१३ मार्च १९९६! बोरीकाठच्या ताई, तुमच्या दादाचं काही चुकलं नाही. विश्वचषकाचा उपांत्य सामना, ईडन गार्डन, श्रीलंकेच्या २५१. मी नववीत, दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर. संध्याकाळी लाईट गेली. गल्लीतल्या एका काकांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला लावली आणि टीव्ही ओट्यावर आणला. साठ-सत्तर माणसं, बायका दारात. सचिन ६५ वर यष्टीचीत झाला तेव्हा १ बाद ९८ चे २ बाद ९८ झाले, आणि नंतर बघता बघता ८ बाद १२०. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामना तिथेच थांबला आणि श्रीलंकेला दिला. कांबळी रडत आत गेला. आमच्या ओट्यावर कोणी कोणाशी बोललं नाही. काकांनी बॅटरी सोडवली, वायर गुंडाळली, तेवढाच आवाज.

आई दारातून म्हणाली, चल, कंदील लावलाय, इंग्रजी काढ. तिने रागावायला हवं होतं, रागावली नाही. मी दोन धडे वाचले. पेपर बरा गेला.

शहाद्याची

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

मी खो-खो खेळायचे. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता (तो १ जुलै १९९८ ला झाला), त्यामुळे जिल्ह्याच्या स्पर्धेला धुळ्याला जावं लागायचं. पहाटेची एसटी, सारंगखेड्याच्या पुलावर तापीचा गार वारा. डब्यात आईने दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी, दोन दिवस टिकायच्या. आम्ही अनवाणी खेळायचो, बूट नव्हतेच कोणाकडे. पहिल्या सामन्यात खांबाला सूर मारताना गुडघा सोलला, तिथल्या बाईंनी हळद भरली आणि मी परत उभी राहिले. तालुका, जिल्हा जिंकलो, विभागाला जायचं तर शाळेची चाचणी त्याच आठवड्यात. घरात सगळे म्हणाले नको, मुलीच्या जातीला काय करायचंय. आजोबा खाटेवरून उठले आणि एवढंच म्हणाले, "आंडेर (पोरी), तू खेळी ये. बाकीनं मी देखी लिसू."

विभागाला हरलो. पण आजोबा स्टँडवर घ्यायला आले होते, हातात

शिट्ट्या झाल्या, थांबा

शहाद्याची

हातात सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली गोडी शेव. दत्तजयंतीला ते दरवर्षी घोडे बघायला जायचे. विकत कधी घेतला नाही, पण प्रत्येक घोड्याचे दात आणि खूर बघून यायचे आणि आम्हाला महिनाभर सांगायचे.

रेल्वे_क्वार्टर

भुसावळ. वडील मालगाडीवर गार्ड. आमच्या घरात कॅलेंडरचा उपयोग नव्हता, कारण सण तारखेला यायचेच नाहीत. रात्री दोनला कॉलबॉय दार वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा आणि वडील पेटी उचलून निघायचे. लक्ष्मीपूजन झालं की आई फराळाचा एक डबा वेगळा बांधून ठेवायची. वडील ज्या दिवशी येतील त्या दिवशी पुन्हा पणत्या लावायच्या, पुन्हा अभ्यंगस्नान. एका वर्षी ते भाऊबीजेनंतर चार दिवसांनी आले. अख्खी कॉलनी अंधारात आणि आमच्या एकाच दारात सहा पणत्या. शेजारच्या काकू विचारायला आल्या, मग त्यांनीही लावल्या, कारण त्यांचेही यायचे होते.

माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला ते ड्यूटीवरून सरळ केंद्रावर आले. अंगावर पांढरा गणवेश, हातात झेंडे तसेच. फाटकाबाहेर उभे राहून हात केला आणि झोपायला घरी गेले. एवढंच.

चोपडा_चहा

वाचून डोळ्यात पाणी आलं भो. नंतर लिहितो.

उन्हाळवाळवण

आमचं वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक आणि बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) वेळापत्रक एकच. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची, दुपारी गच्चीवर राखण. ज्वारी भिजवून, कांडून, मोठ्या पातेल्यात घाटा शिजायचा. चार बायका मिळून तो ओल्या कापडावर पातळ थापायच्या. मी पुस्तक घेऊन तिथेच, एका हातात इतिहास, दुसऱ्या हातात कावळे हाकायची काठी. ऊन एवढं की चप्पल गच्चीला चिकटायची. शिवाजी महाराजांचे सगळे तह मला अजून पाठ आहेत ते त्या गच्चीमुळे. आणि गरम घाट्यावर कच्चं तेल घालून वाटीभर मिळायचा, ती आमची फी.

सातपुडा_पायथा

घाट्यात तीळ घालता का तुम्ही? आमच्याकडे तीळ आणि जिरं. सासरी नुसती लाल मिरची.

उन्हाळवाळवण

तीळ, जिरं, लसूण, हिरवी मिरची. लसूण नसेल तर बिबडं कसलं.

पांझरा

पुण्यात बिबडे कुठे मिळतात कोणाला माहीत आहे का? विकतचे आणले होते, जाड निघाले.

उन्हाळवाळवण

विकत नका घेऊ, पत्ता वेगळा कळवा, मी पाठवते. दोनशेच्या वर केलेत यंदा.

जिभाऊ_अमळनेर

विषय निघालाच आहे तर भरीत गॅसवर भाजणाऱ्यांना विनंती, एकदा तरी हिवाळ्यात शेतात काट्यांवर भाजून बघा. हिरवी भरताची वांगी, आतून मऊ झाली की बडजीत (लाकडी भांड्यात) ठेचायची, मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. आमच्याकडे खेळाच्या दिवसांनंतर, म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर, सगळा वर्ग एकाच्या मळ्यात जायचा. जिंकलेले हरलेले एका पंगतीत.

माहेरवाशीण

लिहावं की नाही विचार करत होते.

अखाजी. १ मेला निकाल लागायचा आणि त्याच्या आसपास अखाजी. आत्या आलेल्या असायच्या, लिंबाला झोका, गौराईची गाणी. खापरावरचे मांडे आणि आमरस. निकालपत्रक घेऊन पळत आले की आई झोक्यावरून न उतरता विचारायची, "पास ना?" वर्षभरात ती झोक्यावर तेवढे दोनच दिवस दिसायची. बाकी वर्ष चूल, गोठा, शेत.

मी आठवीत असताना ती गेली. त्या वर्षी अखाजीला आत्यांनी झोका बांधलाच नाही. मोठी आत्या म्हणाली, असं नको, पोरी आहेत घरात, आणि दुपारी स्वतः चढून दोर बांधला. मला पहिली बसवली. आता मी दर वर्षी भावाकडे जाते आणि भाचीला पहिली बसवते.

शहाद्याची

ताई ❤️

रेल्वे_क्वार्टर

बरं केलंत लिहिलंत. तुमच्या आत्याला नमस्कार.

चोपडा_चहा

आलो परत. बोरीकाठच्या ताई, तुमच्या गोलाचं डोक्यात बसलंय. माझी बायको म्हणते नळाला पाणी आलं त्या दिवसाची खूण. आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, सासूबाई अशीच खूण करायच्या.

केळीबाग

गावात नळ नसेल १९९६ ला. रॉकेल असेल रेशनचं.

माहेरवाशीण

मला वेगळं वाटतं. गोल जूनच्या शेवटी सुरू झाले आणि दिवाळीच्या सुट्टीत थांबले. पाणी आणि रॉकेल दिवाळीला थांबत नाही. दिवाळीला घरी कोण आलं होतं? जूनमध्ये घरातून कोण गेलं होतं?

जिभाऊ_अमळनेर

"दादा धुळे".

बोरीकाठची_लेक

आई आत्ताच आली. हातपाय धुवायच्या आधीच कॅलेंडर तिच्यापुढे धरलं. चष्मा लावून एकेक पान बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "तुन्हा दादानं पत्र उनं का गोल करी ठेवू मी."

मी तेव्हा सहावीत होते. ती पत्रं मीच वाचून दाखवायचे. पोस्टमन दुपारी यायचा, मी शाळेत असायचे. ती पत्र पदराला बांधून शेतात जायची, संध्याकाळी मी आले की सोडायची. कार्डाला घामाचा आणि कपाशीच्या पानांचा वास असायचा. एवढं सगळं आठवतंय आणि गोल कळला नाही मला.

सप्टेंबरमध्ये एकच गोल आहे. मी विचारलं, त्या महिन्यात एकच का? म्हणाली, त्याला ताप होता, त्याने कळवलं नव्हतं, पण मला कळलं होतं.

पांझरा

दादा येतायत का रविवारी?

बोरीकाठची_लेक

शनिवारी रात्री पोहोचेल. कॅलेंडर पेटीत परत ठेवलेलं नाही, देवघराशेजारी खिळ्याला लावलंय. आई म्हणाली, सप्टेंबरचं पान वर राहू दे.

उन्हाळवाळवण

दादांना बिबडे आवडतात का? पांझरा भाऊंच्या पार्सलबरोबर तुमचंही पाठवते, गावचा पत्ता द्या.

पांझरा

माझे शंभर तरी पाठवा ताई, घरात पाच माणसं आहेत.