शुगरच्या डॉक्टरांनी पेशंटचं तोंड बघायचं की नाही?

विडी घरकुलची लेक
आई ३० वर्षं विड्या वळते, सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. वर्षभर शुगरच्या गोळ्या वाढतच गेल्या, हिरड्यांतून रक्त येतंय, दात हलतायत असं दरवेळी सांगितलं तर डॉक्टर "ते दातवाल्यांना दाखवा" म्हणून मोकळे, एकदासुद्धा आ करायला लावलं नाही. शेवटी दातांच्या मॅडमनी हिरड्या साफ केल्या, त्यांनीच सांगितलं की शुगरमुळे हिरड्या खराब होतात आणि खराब हिरड्यांमुळे शुगर आटोक्यात राहत नाही. हे एमबीबीएसवाल्यांना माहीत नको का?

जनरल प्रॅक्टिस, सोलापूर
ताई, त्रास कळतो. पण ओपीडीत ८० पेशंट असतात ओ, आणि मी शिकलो तेव्हा दातांचं जेमतेम शिकवलेलं. अर्धवट बघून "काही नाही" म्हणालो आणि पुढं कॅन्सर निघाला तर? त्यापेक्षा दातवाल्यांकडं पाठवणंच बरोबर.

दातांची डॉक्टर
सर, इलाज तुम्ही करा असं कोण म्हणतंय, फक्त टॉर्च मारून बघा. दोन आठवड्यांच्या वर न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा दिसला की लगेच पाठवा. आणि औषधं तुम्हीच लिहिता ना? फिटच्या फेनिटॉइननं, बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननं हिरड्या फुगू शकतात. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सुरू करायच्या आधी दात तपासून घ्यायला हवेत, नाहीतर नंतर दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून भरतच नाही अशा केसेस होतात. हृदयात स्टेंट बसवलेल्याची, रक्त गोठू नये म्हणून दिलेली अ‍ॅस्पिरिन बंद करून दात काढायला पाठवतात तेव्हा तर मला धडकीच भरते, एक दात काढायला ती सहसा बंद करावी लागत नाही, दाबून धरून, टाका घालून रक्त थांबतं.

यंत्रमागवाल्याचा पोरगा
माझ्या वडिलांना सुपारी-तंबाखूचा मावा खायची सवय. तापासाठी गेलो तर डॉक्टर म्हणाले तोंड उघडा, दोन बोटंसुद्धा जाईनात. सुपारीनं तोंड आखडतं हे तिथंच कळलं. दातवाल्याकडं आम्ही आपणहून कधीच गेलो नसतो.

जनरल प्रॅक्टिस, सोलापूर
अ‍ॅस्पिरिनचं मान्य. पण रात्री ११ ला दाढ धरून आलेल्याला अँटिबायोटिक म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलिन दिली की तुम्ही ओरडता, त्याला तसंच परत पाठवू?

दातांची डॉक्टर
वेदनाशामक द्या ना. सूज नाही, ताप नाही, नुसती नस ठणकतेय तर अँटिबायोटिकनं ती थांबत नाही. गळ्याखाली सूज उतरली, गिळता येईना, तर मात्र थेट हॉस्पिटल, सकाळची वाट बघू नका.

विडी घरकुलची लेक
सर, पाठवा म्हणता, पण एक खेप म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते. कशासाठी जायचं ते तुम्ही नीट सांगितलं असतं तर ती वर्षापूर्वीच गेली असती.