भिरुडाने वाळलेल्या आंब्याच्या खोडाचं करायचं काय?

प्रश्न (कोरेगाव, सातारा)
बांधावरचे दोन रायवळ आंबे भिरुडाने (खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने) गेले. मोठ्याचा घेर ६ फूट, सरळ खोड ८ फूट. बुंध्यापासून ३ फुटांपर्यंत बोट जाईल एवढी भोकं, खाली भुशाचा ढीग. वखारवाले सरपणाच्या भावात मागतात. फळ्या निघतील का? घरात आणल्यावर कीड बाकीच्या फर्निचरला लागेल का?

उत्तर (कराड)
सरपणात देऊ नका. चौथाई घेराने धरा: घेराचा चौथा भाग दीड फूट, तर दीड गुणिले दीड गुणिले ८, म्हणजे १८ घनफूट. खालचे ३ फूट सोडले तरी ११ घनफूट उरतं. कापल्यावर निम्म्याच्या आसपास चांगली फळी धरा.

अमेरिकेत ॲशची झाडं मारणारा पाचूरंगी भुंगेरा (२००२ मध्ये मिशिगनात सापडला) सालीखालीच राहतो. तिथे साल आणि अर्धा इंच लाकूड काढलं की काम झालं. भिरुडाची अळी खोल आत शिरते, त्यामुळे साल तासून भागत नाही. कापल्यावर बोगदा दिसेल तेवढा भाग तोडायचा.

कापायला उशीर नको. आत राहिलेल्या अळ्यांचे भुंगेरे पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात आणि शेजारचे जिवंत आंबे धरतात. कोरड्या फर्निचरला मात्र भिरूड लागत नाही. तिथे खरा शत्रू घुण, वाळलेल्या लाकडाचं पीठ करणारा बारीक किडा. आंब्याचं लाकूड त्याला फार आवडतं.

आणि मिलवाल्याला आधी सांगा: भिरूड काढताना भोकात घातलेली तार आत तुटून राहिली असेल, तर बँडसॉचं पातं गेलंच.

उत्तर (सांगली)
घुणासाठी बोरॅक्स (टाकणखार). १०० लिटर कोमट पाण्यात ६ किलो बोरॅक्स, ४ किलो बोरिक ॲसिड. इंचाची फळी हवी तर सव्वा इंच कापा. वाळताना आणि रंध्यात तेवढं जातं. कापल्यापासून दोन दिवसांच्या आत, लाकूड ओलं असतानाच बुडवा. औषध ओलाव्यातूनच आत जातं, वाळलेल्या फळीत ते वरवर राहतं. उभं वाळलेलं झाड आतून बहुधा ओलंच असतं, ही सोय. उशीर झाला तर निळी बुरशी धरते. ताकद जात नाही, पण डाग पॉलिशखालीही दिसतात.

बुडवून झाल्यावर चिकटून रचा, प्लॅस्टिकने गच्च झाका, ३ ते ४ आठवडे. मग सावलीत, जमिनीपासून दीड फूट वर, मध्ये इंचभर पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत, नाहीतर फळी पिळते. दोन्ही टोकांना ऑइल पेंट, वर वजन. सीझनिंग प्लँट (लाकूड वाळवायची भट्टी) हाताशी असेल तर गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस ३० मिनिटं द्या. निर्यातीच्या पॅलेटला हाच नियम आहे, आतली कीड बहुतेक मरते.

बोरॅक्स पावसात धुऊन जातं, म्हणून गेट किंवा बाहेरच्या बाकाला या फळ्या नकोत. कपाटाचे कप्पे, पलंगाच्या फळ्या, दिवाण उत्तम.

प्रश्नकर्ता
मधपेट्या करता येतील? आणि खालच्या ३ फुटांचं काय?

उत्तर (कराड)
बोरॅक्स लावलेल्या लाकडाची मधपेटी नको, ते किड्यांचंच विष. पोळपाट-लाटणंही नको. मधपेटीला न बुडवलेल्या, भट्टीत तापवलेल्या फळ्या वेगळ्या काढा.

खालच्या तुकड्यात भोकांत कीटकनाशक किंवा पेट्रोल घातलं होतं का, आधी आठवा. घातलं असेल तर चुलीत किंवा हुरड्याच्या आगटीत अजिबात नको. नसेल तर चिरून पावसाआधी जाळून टाका, ढीग करून ठेवू नका.

आंबा अनुसूचित झाडांत येतो (१९६४ चा वृक्षतोड कायदा). वाळलेला असला तरी तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा. मिलवर न्यायला वाहतूक पास लागेल का, तेही तिथेच विचारा.