मदत हवी आहे: छोटी बॅटरी चार्ज करूनही हायब्रिड गाडी 'रेडी' होत नाही

कालपासून गाडी जागची हललेली नाही. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि पुढची पाळी परवा आहे, म्हणून घाईने विचारतोय.

पेट्रोल-हायब्रिड आहे, ९ वर्षं जुनी. मध्यंतरी आई दवाखान्यात भरती होती, तेव्हा गाडी १८ दिवस उभीच राहिली. काल ब्रेक दाबून बटण दाबलं तर डॅशबोर्डचे दिवे मंद लागले, फडफडले आणि विझले. रिमोटने दार उघडेना, डिकीही नाही. बोनेटखालच्या जंप टर्मिनलवर मीटर लावला, १०.९ व्होल्ट. ओळखीच्या मेकॅनिकने घरी येऊन डिकीतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी काढली, रात्रभर चार्ज केली आणि आज सकाळी बसवून दिली. आता १२.६ दाखवतेय, दिवे लख्ख लागतात. पण गाडी निघायला तयार असल्याचा 'रेडी' संकेत येत नाही, गिअर 'पी'मधून हलत नाही आणि पडद्यावर 'हायब्रिड सिस्टिम तपासा' असा संदेश येतो. पेट्रोल अर्धी टाकी आहे. किल्लीतला सेल नवा घातला. ब्रेक लाइट लागतो.

गाडीची मोटर चालवणारा मोठा बॅटरी पॅक गेला असेल का?

वाटाड्या: ९ वर्षं झाली म्हणजे पॅकच असणार. तोवर गाडी दोरीने ओढत गॅरेजपर्यंत न्या.

तारयंत्र: कृपा करून ओढत नेऊ नका. बहुतेक हायब्रिडमध्ये पुढच्या चाकांना मोटर कायमची जोडलेली असते आणि तिच्यात चुंबक असतात. चाकं फिरली की ती वीज तयार करते, गाडी बंद असली तरी. न्यायचीच तर फ्लॅटबेडवर, नाहीतर पुढची चाकं उचलून.

आता पॅकबद्दल. या गाड्यांना वेगळा सेल्फ नसतो. मोठ्या बॅटरीच्या विजेवर मोटर-जनरेटरच इंजिन फिरवतो. पण ती मोठी बॅटरी एरवी रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, तोडून ठेवलेली असते, आणि ते रिले जोडायला ताकद लागते छोट्या बॅटरीची. म्हणून छोटी झोपली की मोठी भरलेली असूनही काही उपयोग नाही. कालचा तुमचा प्रकार सरळ तोच होता.

आजचा मात्र तो वाटत नाही. काल दिवे फडफडत होते, आज लख्ख आहेत. लक्षण बदललं म्हणजे दोष दुसरा आहे असं धरून चला. दोन गोष्टी सांगा: बटण दाबल्यावर मागच्या सीटच्या आसपास रिले जोडल्याचा 'खट् खट्' आवाज येतो का? आणि गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचलात का? स्वस्तातला स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतो, हायब्रिड कंट्रोलरचे वाचणारं अ‍ॅप लागेल.

धागाकर्ता: आवाज अजिबात नाही. पूर्वी यायचा, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. शेजाऱ्यांच्या स्कॅनरवर पी०ए०डी असा एकच कोड आला.

निळीशाई: पॅक थकला असता तर पी०ए८० दिसला असता. माझ्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूल मिळून २०१.६ व्होल्टचा पॅक आहे. त्यातलं एक मॉड्यूल कमजोर झालं तेव्हा तोच कोड आला होता, आणि रिले तरीही वाजायचे.

तारयंत्र: पी०ए०डी म्हणजे इंटरलॉक. उच्च व्होल्टेजचं कुठलंही झाकण किंवा जोड उघडा राहिला तर कॉम्प्युटर रिले जोडूच देत नाही. मेकॅनिकने बॅटरी काढताना मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारं मागचं नारिंगी हँडल काढलं होतं का?

धागाकर्ता: हो! सुरक्षिततेसाठी काढतो म्हणाला. परत बसवलं मात्र, घट्ट आहे.

तारयंत्र: मग तिथेच बघायचं. काढण्याचा त्याचा विचार चांगला होता, पण ते बसवायला बऱ्याच गाड्यांत तीन हालचाली लागतात: आत दाबायचं, दांडी फिरवायची आणि शेवटी ती सरकवून अडकवायची. दुसऱ्या हालचालीनंतरच ते घट्ट वाटतं. इंटरलॉकचा संपर्क जुळतो तिसरीनंतर.

तुम्ही स्वतः हात लावू नका, हे मनापासून सांगतोय. मेकॅनिकलाच बोलवा. आधी गाडी बंद करून किल्ली लांब ठेवायची, छोट्या बॅटरीची ऋण तार सोडायची, आणि हातात १००० व्होल्टचे, छिद्र नसलेले इन्सुलेटेड हातमोजे हवेत. हँडल पूर्ण काढावं लागलं तर इन्व्हर्टरमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला निदान १० मिनिटं थांबायचं. दुसरं, डिकीतल्या बॅटरीला वायू बाहेर सोडणारी बारीक नळी असते. ती परत जोडली आहे का तेही बघून घ्या, ती बऱ्याचदा लोंबकळत राहते.

धागाकर्ता: शेवटची सरकवणीच राहिली होती! त्याने ती सरकवली, कोड पुसला, बटण दाबलं, मागून खट् खट् झालं आणि 'रेडी' आलं. नळीही सुटलेली होती, ती जोडून घेतली. 'रेडी'मध्ये छोट्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसतात. तारयंत्र, तुमचे किती आभार मानू.

पण मुळात १८ दिवसांत ती उतरली का?

निळीशाई: गाडी पूर्ण झोपल्यावर विजेचा खर्च साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तेवढ्यानेही १८ दिवसांत २१-२२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ४५च्या बॅटरीची जवळपास निम्मी ताकद. मोजून बघा. आणि गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तासभर 'रेडी'त ठेवा, पण उघड्या जागी, कारण मध्येच इंजिन लागतं. नुसते दिवे लावून ठेवले तर चार्जिंग होत नाही, उलट उतरते.

धागाकर्ता: मोजलं. अर्धा तास थांबल्यावर ११० मिलिअँपिअर. डॅशकॅमची वायर काढली तर ३० वर आलं. पार्किंगमध्येही तो चालूच राहत होता. वायर सध्या काढूनच ठेवली आहे, आणि एकदा पार उतरलेली बॅटरी किती टिकते ते रोज सकाळी मीटर लावून बघतोय. आज १२.५. आता निघतो, आईची पाळी साडेसहाची आहे.