वर वेग शून्य? दोरी की दांडा ते आधी ठरवा
दोरीच्या किंवा दांड्याच्या टोकाला बांधलेला गोळा उभ्या वर्तुळात फिरवताना सर्वोच्च बिंदूवर त्याचा वेग शून्य झाला तरी फेरी पूर्ण होईल, असा एक दावा असतो. ते दांड्याला लागू आहे, दोरीला नाही. दोरी फक्त ओढते. ढकलू शकत नाही. सर्वोच्च बिंदूवर दोरीतला ताण शून्य झाल्यावर अभिकेंद्री बल (वर्तुळाच्या केंद्राकडे खेचणारं बल) पुरवायला गोळ्याचं एकटं वजन उरतं. त्यामुळे वरचा किमान वेग म्हणजे गुरुत्वीय त्वरण गुणिले त्रिज्या, याचं वर्गमूळ. त्रिज्या ०.८ मीटर घेतली तर वर २.८ आणि तळाशी साधारण ६.३ मीटर प्रतिसेकंद लागतो. दांड्याला तळाशी ५.६ च्या किंचित वर पुरतो. (हवेचा रोध धरलेला नाही.)

दोरीच्या गोळ्याला तळाशी ४ ते ६.२ मीटर प्रतिसेकंद वेग दिलात, तर दोरी मध्यपातळीच्या वर सैल पडते आणि गोळा प्रक्षेप्यासारखा (हवेत फेकलेल्या वस्तूसारखा) वर्तुळ सोडून आत वळतो. बहुतेकांची गणितं इथेच चुकतात: फक्त ऊर्जा अक्षय्यता (एकूण ऊर्जा कायम राहते हा नियम) लावतात, ताणाची अट तपासतच नाहीत.