मदत हवी आहे: ग्रिफिथच्या यादीत मॅकगोवन सापडत नाहीत

पानगळ
जावयांच्या आयरिश घराण्याची वंशावळ करते आहे. १९०१ च्या जनगणनेत मॅकगोवन लगेच मिळाले, पण ग्रिफिथ व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या जमीन-घरांच्या करआकारणीच्या यादीत, त्या गावात एकही मॅकगोवन नाही. 'मॅक' काढून पाहिलं, स्पेलिंगं बदलून पाहिली. रविवारपर्यंत हवं आहे. कुठे शोधू?

दप्तरदार
काउंटी, म्हणजे जिल्हा, कुठली? पॅरिश, म्हणजे त्यातला चर्चचा विभाग? धर्म? १९०१ मध्ये कुटुंबप्रमुखाचं वय किती? 'त्या गावात' म्हणजे कुठल्या टाउनलँडमध्ये, म्हणजे जमिनीच्या सर्वांत लहान विभागात?

शिरपेच
जावयांचे आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील, तर फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये नाव नोंदवून नागरिकत्व मिळतं.

पानगळ
नागरिकत्व नको, आडनाव हवंय. काउंटी कॅव्हन, कॅथलिक, प्रमुखाचं वय ६२.

दप्तरदार
कॅव्हन म्हटल्यावर उलगडा झाला. तिथे 'स्मिथ' शोधा, 'स्माइथ'सुद्धा. गेलिकमध्ये मूळ नाव मॅक गाभन, म्हणजे लोहाराचा मुलगा. कॅव्हनमध्ये बहुतेकांनी त्याचं सरळ इंग्रजी भाषांतर केलं आणि पुढे काहींनी जुनं नाव परत घेतलं. दुसरं, ६२ वय म्हणजे जन्म १८३९ च्या आसपास. ग्रिफिथची मोजणी १८४७ ते १८६४. त्यात जमीन कसणाऱ्याचं किंवा घरात राहणाऱ्याचं आणि ते भाड्याने देणाऱ्याचंच नाव येतं, घरातल्या पोराचं नाही. म्हणून वडील शोधा.

किनारा
त्यापेक्षा टाइथच्या, म्हणजे चर्चला द्यायच्या कराच्या, वह्या आधी पाहा. १८२३ ते १८३७, म्हणजे एक पिढी मागे.

दप्तरदार
टाइथ शेतजमिनीवर होता. भूमिहीन मजूर त्यात नाहीत, शहरंही जवळजवळ नाहीत. शिवाय कॅव्हनमध्ये नुसतं 'स्मिथ' घेऊन मागे गेलात तर शेकड्यांनी निघतील. आधी टाउनलँड पक्का करा.

किनारा
मग व्हॅल्युएशनच्या रिव्हिजन वह्या, म्हणजे पुढच्या बदलांच्या नोंदी. प्रोनीच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सरकारी दप्तरखान्याच्या, संकेतस्थळावर फुकट आहेत. कॅव्हन अल्स्टर प्रांतातच येतं.

मोडीवाचक
अल्स्टरमध्ये येतं, उत्तर आयर्लंडमध्ये नाही. प्रोनीकडे सहाच काउंट्या आहेत, कॅव्हनच्या वह्या डब्लिनला आहेत. पण वह्यांचा सल्ला उत्तम. जमीन दुसऱ्याकडे गेली की जुनं नाव खोडून नवं नाव वेगळ्या रंगाच्या शाईने लिहीत आणि बाजूला वर्ष टाकत. १९०१ च्या मॅकगोवनपासून त्याच नकाशा-क्रमांकाची जमीन धरून मागे जा. खोडलेला स्मिथ तिथेच दिसेल.

पानगळ
डब्लिनला कोण जाणार! टाउनलँड किलेशँड्रा पॅरिशमध्ये आहे, याचा काही उपयोग?

दप्तरदार
हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं! १९२२ च्या जूनमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे तुकडे तेवढे उरले. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने आधीच नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. पण १८४१ ची किलेशँड्राची पानं वाचली आहेत आणि नॅशनल आर्काइव्ह्जवर फुकट दिसतात. तिथे आडनाव स्मिथ घाला, टाउनलँड निवडा आणि दोनेक वर्षांचा मुलगा असलेलं घर शोधा. वय दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा. मूळ पान जरूर उघडा. त्यात बाहेरगावी असलेल्यांचा तक्ता वेगळा आणि १८३१ पासून घरात वारलेल्यांचा वेगळा असतो. आजोबांचं नाव बऱ्याचदा तिथेच सापडतं.

किनारा
वय १९११ च्या जनगणनेच्या कागदावरून धरू नका. १९०९ पासून सत्तरीला पेन्शन सुरू झालं, त्यामुळे पुष्कळ लोक दहा वर्षांत पंधरा वर्षांनी वाढलेले दिसतात.

पानगळ
मिळालं एक घर, मुलगा तीन वर्षांचा! पण ग्रिफिथमध्ये त्याच टाउनलँडला पॅट्रिक स्मिथ दोन आहेत, एकापुढे कंसात 'ह्यू'. दोन नावं का?

मोडीवाचक
एका टाउनलँडमध्ये सारख्या नावाचे दोघे असले की ओळखीसाठी कंसात बहुधा वडिलांचं नाव घालत. १८४१ च्या पानावर ह्यू आहे का पाहा, मृतांच्या तक्त्यातसुद्धा.